घागरआईचे डोळे

उंब्रजपासून आष्ट्यापर्यंत कृष्णाकाठी जी गावं आहेत, त्यांतलंच आमचं एक. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या दारात मोर्चा येईल, आणि भांडायची ताकद माझ्यात आता उरलेली नाही. मी इथल्या शाळेत चित्रकला शिकवतो. अनंत गुरुजी म्हणतात मला.

चौऱ्याण्णव साली इथल्या नगरपालिकेला शंभर वर्षं झाली. नगराध्यक्ष नानासोंच्या मनात आलं की घाटावर कायमचं काहीतरी उभं राहावं. कुणी म्हणालं तोफ ठेवा, कुणी म्हणालं कारंजं करा. मी म्हणालो, नदीवर जगलेलं गाव आहे, नदीचंच काही करू. कडेनं कर्दळीचे वाफे, मधे घागर घेतलेली मुलगी, आणि तिच्या घागरीतलं पाणी वाफ्यांना जाईल. कशी कोण जाणे, सभेनं मान डोलावली.

अंग, परकर, घागर, सगळं मातीत झालं आणि चेहऱ्यापाशी मी अडलो. आठ दिवस नुसता चिवडत बसलो. मग एका सकाळी हातातून जो चेहरा उतरला तो क्रांतीचा होता. क्रांती माझ्या वर्गातली, सहावीतली. आदल्या वर्षी उसात तिला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. चित्र काढताना तिची डावी भुवई वर चढायची, जिभेचं टोक दातात यायचं. मी ती भुवई तशीच ठेवली. कुणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

समारंभ झाला, भाषणं झाली. गर्दी पांगल्यावर क्रांतीची आई, चंद्राबाई, पुतळ्यापाशी आली. मंडईत भाजी विकणारी बाई, हातात रिकामी पाटी. बराच वेळ बघत राहिली.

"गुरुजी, ही आमची क्रांती न्हवं?"

मला खोटं बोलता आलं नाही.

"तिचा एक फोटू न्हाई आमच्यात," ती म्हणाली. "शाळंत सातवीला काढत्यात. तिची सातवी आलीच न्हाई. लय उपकार झालं."

त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवलो, हे मला अजून आठवतं. आयुष्यात एक तरी काम धड झालं असं वाटलं होतं.

पंधरा दिवसांत मोटर जळाली, घागरीचं पाणी बंद पडलं, कर्दळी वाळल्या. ते अपेक्षितच होतं. सरकारी काम म्हणजे वरातीची घोडी, मांडवापर्यंतच नटलेली. पण चंद्राबाईचं येणं थांबलं नाही. रोज सकाळी मंडईत जायच्या आधी ती ओल्या पदरानं लेकीचं तोंड पुसायची, डोक्याला बोटभर तेल लावायची, कपाळाला कुंकू टेकवायची. पंचमीला नव्या बांगड्या आणून मनगटाला दोऱ्यानं बांधल्या. आई पोरीला शाळेत पाठवताना करते तेवढंच ती करत होती.

पण बघणाऱ्याला काय दिसलं? तेल, कुंकू, बांगड्या. आमच्याकडे दगडाला एवढं पुरतं. आधी कुणीतरी नारळ ठेवला. मग घाटावरच्या रंगूबाईचा ताप उतरला आणि तिनं तो इथं बोललेल्या नवसानं उतरल्याचं गावभर सांगितलं. एका अमावास्येला कुणी तेलात शेंदूर कालवून चेहऱ्याला फासला. पुढच्या अमावास्येला त्यावर दुसरा थर. शहाण्णव सालापर्यंत भुवई बुजली, ओठ बुजले, नाकाचा नुसता उंचवटा राहिला. नवरात्रात त्यावर चांदीचे डोळे बसले, वाटोळे, वटारलेले. नाव पडलं घागरआई. रंगूबाई पुजारीण झाली, कठडा आला, रांग आली. चंद्राबाईला त्या रांगेत उभं राहावं लागे. एकदा तिनं पदरानं तोंड पुसायला हात पुढं केला, तर रंगूबाईनं तो झटकला आणि म्हणाली, "लांबनं पाया पड गं, आईला शिवू नगं."

अठ्ठ्याण्णव साली मी नानासोंकडे गेलो. तोवर त्यांनी तिथं पत्र्याचा मांडव घालून दिला होता. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, चहाही पाजला.

"गुरुजी, तुमी पुतळा केला. गावानं देव केला. आता मोठं काम कुणाचं, तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी मी रॉकेलचा बोळा आणि खरवडायची लोखंडी पट्टी घेऊन कठड्याच्या आत शिरलो. हनुवटीवरचा बोटभर शेंदूर निघाला असेल नसेल, तोच चार जणांनी दंड धरून मला बाहेर काढलं. त्यांतले दोघे माझेच विद्यार्थी होते. हेडमास्तरांनी लेखी माफी घेतली. मी ती दिली. नोकरी होती.

ते कानावर गेल्यावर चंद्राबाई घरी आली. उंबऱ्यातच बसली.

"तुमचा काय दोष न्हाई. पयलं कुंकू मीच लावलं." मग म्हणाली, "पर साचा असंल की तुमच्याकडं. त्यातनं निस्तं तोंड काढून द्या. मी घरात ठेवीन, कुणाला दावनार न्हाई."

साचा नव्हता. तो प्लास्टरचा असतो, आत सिमेंट भरायचं आणि वाळल्यावर साचा छिन्नीनं फोडून पुतळा मोकळा करायचा. एका साच्यातून एकच. तो मी माझ्या हातानं फोडला होता आणि तुकडे उकिरड्यावर टाकले होते. हे तिला सांगताना मला स्वतःच्या धंद्याची लाज वाटली.

"मग परत करा," ती म्हणाली. "मी हितं बसून सांगते."

मी माती मळली. ती समोर बसली. गाल झाले, हनुवटी झाली. भुवई उचलली, पण ती क्रांतीची होईना, कुठल्याही पोरीची व्हायची. मोडली, परत केली. चार दिवस असं चाललं. पहिल्या दिवशी ती सांगायची, "नाक असं न्हाई, जरा बसकं." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बसकं का सरळ, तुमीच बघा." तिसऱ्या दिवशी नुसती बघत राहिली. चौथ्या दिवशी मी डोळ्यांपाशी आलो आणि विचारलं, "चंद्राबाई, डोळे सांगा."

ती डोळे मिटून बसली. मिटलेल्या पापण्या हलत होत्या. मी थांबलो.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी," ती म्हणाली. "दोन वर्सं म्या तेच तोंड बघतीया. आता डोळं मिटलं तरी चांदीचंच डोळं म्होरं येत्यात. पोरीचं कसं हुतं, मलाच सांगता ईना झालंय."

तिनं पाटी काखेला मारली आणि उठली.

"येते मी," ती म्हणाली. "आत्ता गेलं तर रांग कमी असती."