यंत्रमहाराजांचा अंगारा आणि पन्नास ग्रॅमचं वजन

गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी भाजीपेक्षा जास्त गर्दी यंत्रमहाराजांच्या मांडवात होती. सेनगावकडून जिपा भरभरून माणसं आली होती. कुणाचा हात लुळा, कुणाची बोटं थरथरणारी. महाराजांच्या हातात मोबाइलएवढं एक यंत्र, त्याला खाली दोरा. रोग्यानं दोरा बोटात अडकवून ओढायचा, की पडद्यावर त्याची शक्ती उमटायची.

"पहले देखो, फिर मानो!" महाराज ओरडले. "विज्ञान आमच्या दारात पाणी भरतं! अंगाऱ्याआधी तीस, अंगाऱ्यानंतर दोनशे चौऱ्याण्णव! कुठल्या डॉक्टरात आहे हा दम?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक आकड्याचेच फोटो काढू लागले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या गर्दीत जायची मला हौस नाही. पण माझ्या शेजारच्या मंजुळामावशींनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. गोळी चुकली तर दुसरा झटका जिवावर बेतेल, असं हिंगोलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि हा बाबा सांगत होता, गोळी आणि अंगारा एका पोटात नांदत नाहीत!

"मॅडम, माझा बी विश्वास नव्हता," त्यांचे मालक भागवतकाका म्हणाले. "पण मागच्या बाजारी डोळ्यानं पाहिलं. विसाचे एकशे शहाण्णव झाले. यंत्र खोटं बोलतं व्हय?"

"मग मावशींनी चहाचा कप उचलला का त्या हातानं?"

"उचलतीन की. महाराज म्हणले, पुढं आकडा हजारात जाईल."

या उत्तरानं माझा संशय वाढला. मांडवात बसून मी आकडे ऐकत राहिले. तिसाचे दोनशे चौऱ्याण्णव. चाळिसाचे तीनशे नव्वदच्या आसपास. कुणाचा लकवा जुना, कुणाचा परवाचा, गुण मात्र सगळ्यांना सारखाच, दहापटीला जरासा कमी! इतक्या शिस्तीचा देव मी कधी ऐकला नव्हता. नऊ पूर्णांक आठ पट. हा आकडा तर गुरुत्वाकर्षण शिकवताना मी दरवर्षी नववीच्या फळ्यावर लिहिते.

यंत्राच्या पडद्याच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचा जाड टिळा होता. आपल्याकडे ट्रॅक्टर असो की गिरणी, कुंकू लावल्याशिवाय चालू होत नाही, आणि लावलेलं कुंकू कुणी पुसत नाही. महाराजांना हे पक्कं ठाऊक असावं. मी उठले आणि समोरच्या किराणा दुकानातून पन्नास ग्रॅमचं वजन मागून आणलं.

मावशींची पाळी आली. आधी वीस. मग अंगारा, मंत्र, आणि महाराजांचा अंगठा यंत्राच्या कडेवर. पडद्यावर एकशे शहाण्णव! महाराजांनी यंत्र उंच धरलं. लोक जयजयकार करणार, तेवढ्यात मी लोंबत्या दोऱ्यात वजन अडकवलं. चारशे नव्वद!

"महाराज, हे पन्नासाचं वजन चारशे नव्वद भरतंय. यालाही गुण आला? यानं तर अंगाराही खाल्ला नाही!"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज कडाडले, "नास्तिक बाई! हात लावशील तर भस्म होशील!"

मी ओढणीनं कुंकू पुसलं. बायका हळहळल्या. कुंकू पुसणं म्हणजे काय, ते मलाही कळत होतं. खाली बारीक इंग्रजी अक्षरं होती, मिलिन्यूटन या मापाची.

"काका, कडेचं बटन दाबा."

भागवतकाकांनी यंत्र हिसकून घेतलं आणि दाबलं. चारशे नव्वदचे पन्नास झाले, कोपऱ्यात ग्रॅम आलं. वजन तसंच लटकत होतं.

"अजून एकदा."

एकोणपन्नास हजार! कोपऱ्यात डाईन.

"हजारात जाणारा आकडा तो हाच," मी म्हणाले. "काका, एक क्विंटल हळदीला शंभर किलो म्हटलं, तर ढीग वाढतो का?"

"न्हाई."

"तसंच हे. एक ग्रॅमचं वजन दोऱ्याला जेवढं ओढतं, तेवढ्याच बलाला नऊ पूर्णांक आठ मिलिन्यूटन म्हणतात, नाहीतर नऊशे ऐंशी डाईन. महाराजांच्या अंगठ्यानं माप बदललं. जोर तोच."

"मोंढ्यात हळद मोजताना कोणी असं केलं असतं, तं आमी काटाच फेकून दिला असता!" काका संतापले. महाराज मांडवामागून सटकत होते. लोकांनी त्यांना जिपेपाशीच गाठलं आणि पोलिसांना फोन लावला.

मावशी मात्र रडत होत्या. "मॅडम, आठ दिस मला वाटलं, हातात जोर येऊन राहिला. काहून पुसलं तुमी?"

त्यांचं ते सुख मी हिरावलं होतं. पण या सुखानं दुसरा झटका थांबणार नव्हता.

"मावशी, वीस ग्रॅमचा जोर आहे तुमच्या हातात, आणि तो खरा आहे. गोळी घ्या, व्यायाम करा. त्याचे पंचवीस झाले, तर तेही खरे असतील."

त्याच दुपारी आम्ही त्यांना हिंगोलीला नेलं. रक्तदाब पाहून डॉक्टर काकांवर उखडले, "अजून आठ दिवस थांबला असतात, तर यांना आणायची गरजच उरली नसती."

म्हणून सांगते, आकडा मोठा दिसला की हात जोडायची घाई करू नका. आधी विचारा, हा आकडा कशाचा? भाव ऐकल्यावर किलोचा की क्विंटलचा, हे आपण बेधडक विचारतो. घरच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो, तेव्हाही तेवढंच विचारायचं.