हायड्रोजनपुढचा दोन

तापाचं निमित्त होऊन ताई गेली, त्याला वर्ष झालं. तिचीच रसायनशास्त्राची वही धाकटीने उजळणीसाठी नीट करायला घेतली. कोऱ्या जागेत तिने अवघड व्याख्या सोप्या करून लिहिल्या. पाण्याच्या समीकरणात मात्र धांदरट ताई हायड्रोजनपुढचा दोन साफ विसरली होती. धाकटीने पेन टेकवलं, तोच आई कडाडली, "खबरदार खाडाखोड केलीस तर! तिचं अक्षर आहे ते."

"अगं, पण चुकलंय!"

"चुकू दे."

परीक्षेत नेमकं तेच समीकरण आलं. बरोबर उत्तर धाकटीला तोंडपाठ होतं, तरी तिने ताईचंच लिहिलं.

पेपर परत देताना बाई वैतागल्या, "एवढं सोपं कसं चुकलीस गं?"

"आमच्या घरी असंच लिहितात, बाई."