पोत्यांचा वास आणि निळा पेला

मित्रांनो, मी एक जुना निळा पेला आहे आणि आज थोडा रागातच बोलणार आहे. राग आला तरी आम्हाला फळीवर गप्प बसून राहावे लागते. म्हणून तुम्हीच ऐका.

मी ट्युनिशियातल्या एका गावच्या सहकारी तेलघाण्यात राहतो. माझे पोट रुंद आणि तोंड अरुंद आहे. काच इतकी गडद की आतले तेल हिरवे की पिवळे, हे कळतच नाही. असे मुद्दाम केले आहे. ऑलिव्ह पिकवणाऱ्या देशांनी एकत्र बसून ठरवले, की रंगाला भुलून तेलाला चांगले म्हणायचे नाही. आधी वास घ्यायचा, मग जिभेवर घोळवायचे, मगच बोलायचे. सगळीकडे पेला सारखा आणि नियमही सारखे. भट्टीतून बाहेर आलो तेव्हा मला या कामाचा केवढा अभिमान होता!

सुरुवातीची वर्षे बरी गेली. रौदा नावाची मुलगी शहरातून तेल चाखायला शिकून आली होती. ती मला तळहातावर धरून ऊब द्यायची, तोंडावर काचेची चकती झाकायची, मग ती सरकवून डोळे मिटून वास घ्यायची. काम झाले की धुऊन पालथे घालायची.

माझा संताप आहे तो गावच्या एका सवयीवर. इथे प्रत्येक घराला आपल्याच झाडांचे तेल हवे असते. शेजाऱ्याच्या तेलाचा थेंबही चालत नाही. एका घराच्या एका दिवसाच्या फळांनी घाणा भरत नाही, म्हणून घरचे शेवटचे झाड उतरवून होईपर्यंत आधीची फळे पोत्यांत थांबतात. पोते आतून तापते, फळे आंबतात आणि तो वास तेलात उतरतो. पण लहानपणापासून तेच तेल पावाला लावून खाल्लेल्यांना तो वास घरचा वाटतो.

गेल्या हंगामात तेल प्रथमच गावाच्या नावाच्या बाटल्यांतून परदेशी जाणार होते. एरवी ते टँकरने जाते, दुसऱ्यांच्या तेलात मिसळते आणि गावाचे नाव पुसले जाते. घाण्याचे प्रमुख सी शादली (‘सी’ म्हणजे इथले आदराचे ‘श्री’) हे रौदाचे काका. त्यांनी आयुष्यभर या बाटल्यांचीच वाट पाहिली होती.

रौदाने मला नाकाशी धरले. "काका, आंबलंय हे."

"आंबलंय? अगं, तुझ्या आजीच्या स्वयंपाकघराचा वास आहे हा!"

"आजीच्या घरात छानच आहे. पण हा वास जरासा जरी लागला, तरी पहिली प्रत गेली. नियमच आहे तसा."

"नियम करणाऱ्यांना म्हणावं, आधी आमच्याकडे जेवायला या!" सी शादलींनी चहाच्या पारदर्शक पेल्यात तेल ओतले आणि उन्हात धरले. "रंग बघ, रंग! पाचू आहे पाचू!"

"म्हणून तर तो पेला निळा आहे, काका."

"शहरात जाऊन नाक वर करायला तेवढी शिकलीस."

चाखायला बसलेली बाकीची मंडळी हसली. सगळी याच गावात वाढलेली. माझ्या पोटात तो वास गच्च भरला होता आणि मला ओरडता येत नव्हते.

नमुने तपासणीसाठी तसेच दोन देशांत गेले. तिथे एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी माझ्यासारख्याच निळ्या पेल्यांतून ते चाखले. दोन्हीकडून एकच निरोप आला: आंबूस. बाटल्या रिकाम्या राहिल्या. तेल पुन्हा टँकरने गेले, बिननावाचे.

"हे लोक आपल्याला वर येऊच देत नाहीत," असे म्हणत सी शादलींनी मला उचलले आणि माझ्यात पेने खोचली. पेने! ज्याच्या आत परका वास चालत नाही, त्याच्यात शाईची पेने!

या हंगामात पुन्हा अंगणात पोती रचली गेली. रौदाने मात्र शेजारणीला गाठले. "तुझी नि माझी फळं एकत्र दळू. रोजची रोज." गाव हसले. पण सकाळी उतरवलेली फळे संध्याकाळी घाण्यात पडली. रौदाने माझ्यातली पेने काढली, मला पुन्हा पुन्हा धुतले आणि ते तेल ओतून काकांसमोर ठेवले.

त्यांनी घोट घेतला आणि ठसका लागला. "कडू आहे. घशाला झोंबतंय!"

"ताजं तेल झोंबतंच, काका."

त्यांनी पुन्हा वास घेतला. या वेळी डोळे मिटून, बराच वेळ. "झाडाखाली बसल्यासारखं वाटतंय," ते पुटपुटले. मग अंगणातल्या आपल्या पोत्यांकडे बघून म्हणाले, "आणि ही माझी?"

"त्यांना उशीर झाला."

जाताना त्यांनी टेबलावर पडलेली पेने गोळा केली आणि चहाच्या त्या पारदर्शक पेल्यात ठेवली.

मित्रांनो, पोती अजून अंगणातच आहेत, म्हणून माझा राग पुरता गेलेला नाही. तुम्ही तरी एवढे करा. ओळखीची चव चांगलीच असते असे धरून चालू नका. आणि ज्या पेल्याने खरे सांगायचे, त्याला धुऊन पालथा घाला. पेने ठेवायला दुसरे पेले पुष्कळ आहेत.