सॉल्ट क्रीक, आधी आणि शेवटी

हार्लन टिडवेलला घर नको होतं, हँगर हवं होतं. त्याला चिकटून एखादं घर आलं तर त्याची हरकत नव्हती. फोर्ट वर्थच्या आसपासच्या विमानवाल्यांच्या तीन वसाहती त्या उन्हाळ्यात नवराबायकोनं पालथ्या घातल्या होत्या. पहिलीची धावपट्टी आखूड, दुसरीची गवताची, तिसरीतले शेजारी आगाऊ. हवेत इमले बांधणारे पुष्कळ असतात. हार्लनला इमल्याच्या दारातूनच हवेत जायचं होतं. त्याच्या बायकोला, लव्हॉनला, तिन्ही ठिकाणची स्वयंपाकघरं आवडली होती, पण तिला विचारतो कोण! चौथी वसाहत ही, डव्ह हिल.

घाईला कारण होतं. एकतीस वर्षं हार्लनचं विमान सॉल्ट क्रीकच्या मैदानावर उभं असायचं. ते मैदान विकलं गेलं होतं, आणि सप्टेंबर संपला की तिथे बुलडोझर येणार होते. हार्लनला बाहत्तरावं लागलं होतं. या वयात माणसं जिन्याशिवायचं घर शोधतात. हा विमान ठेवायला जागा शोधत होता, आणि ती मिळाली नाही तर आपण संपलो असं उघड म्हणत होता.

त्या शनिवारी लव्हॉन गाडीनं पुढे आली आणि हार्लन मागून विमानानं यायचा होता. ‘धावपट्टी पायाखाली आल्याशिवाय घर कळत नाही,’ हे त्याचं म्हणणं. घर विल्मा क्रेब्स नावाच्या विधवेचं होतं. विल्मानं बर्फ घातलेला चहा दिला, कपाटं उघडून दाखवली, आणि हँगरचं दार बटणानं वर केलं. आत काहीच नव्हतं. फरशीवर तेलाचा एक जुना डाग तेवढा होता.

‘घासून घासून हात दुखले, पण जात नाही मेला,’ विल्मा म्हणाली. ‘तुमच्या ह्यांना चालेल ना?’

‘त्यांना डागच आधी आवडेल,’ लव्हॉन म्हणाली. दोघी हसल्या.

फ्रिजवर एक छोटा रेडिओ खरखरत होता. डव्ह हिलमध्ये तो प्रत्येक स्वयंपाकघरात असतो. कोण निघालं, कोण परत येतंय, हे बायकांना कणीक मळता मळता कळतं. आजूबाजूची पाचसहा मैदानं एकाच लहरीवर बोलतात, म्हणून वैमानिक बोलण्याच्या आधी मैदानाचं नाव घेतो आणि शेवटी पुन्हा घेतो. मैदानाचं नाव नाही तर निरोपाला अर्थ नाही.

‘आले बघा,’ विल्मा म्हणाली.

रेडिओतून हार्लनचा जाड, निवांत आवाज आला. ‘सॉल्ट क्रीक. पांढरं-निळं विमान, डावीकडून येतोय, सतरा नंबरच्या धावपट्टीवर उतरणार. सॉल्ट क्रीक.’

विल्माचा चहाचा हात तसाच राहिला. सॉल्ट क्रीक तिथून चाळीस मैल होतं. लव्हॉननं खिडकीबाहेर पाहिलं. पांढरं-निळं विमान डव्ह हिलच्याच झाडांवरून खाली येत होतं. आणि आकाश मोकळं आहे असं समजून एक छोटं लाल विमान धावपट्टीवर चढायला निघालं होतं.

‘कोरीन, थांब!’ रेडिओवर कुणीतरी पुरुष ओरडला. ‘थांब, थांब, वर बघ!’

लाल विमान कडेला गचकन थांबलं. हार्लन त्याच्या नाकासमोरून, लोण्यावर सुरी ठेवावी तसा, अलगद उतरला. त्याला काही कळलंच नव्हतं. लव्हॉन खुर्चीत बसली.

‘एकतीस वर्षांची सवय,’ ती म्हणाली. ‘जिभेवर तेच नाव बसलंय.’

विल्मानं ग्लास खाली ठेवला. ‘माझ्या रॉयचंही असंच सुरू झालं,’ ती म्हणाली. ‘मीही सवयच म्हणत राहिले. तळ्यापलीकडे विमानासकट पडला तो. एकटाच होता, एवढीच देवाची कृपा.’

लव्हॉनला हे ऐकायचं नव्हतं. तिला जे माहीत होतं ते त्याहून वाईट होतं. वैमानिकाला दर दोन वर्षांनी संगणकावर एक परीक्षा द्यावी लागते. मार्चमध्ये हार्लन नवव्या प्रश्नापाशी तासभर बसून होता. मग ‘हा कॉम्प्युटर बिघडलाय’ म्हणाला आणि गवत कापायला निघून गेला. कॉम्प्युटर चांगला होता. लव्हॉन त्याच्या खुर्चीत बसली आणि उरलेली सगळी उत्तरं तिनं भरली. प्रमाणपत्र आलं. हार्लननं ते कौतुकानं फ्रिजवर चिकटवलं, आणि येताजाता ती ते बघत राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढा एक उन्हाळा निघू दे, मग बघू, असं तिनं ठरवलं होतं.

हार्लन आला तो घामानं निथळत, पोरासारखा खूश. विमान त्यानं थेट हँगरमध्ये आणून लावलं होतं, चाक बरोबर तेलाच्या डागावर.

‘लव्हॉन! इकडे ये, आधी झोपायची खोली बघ.’ तो तिला हाताला धरून आत घेऊन गेला. ‘इथे पलंग ठेवायचा. दार उघडं ठेवलं की पडल्या पडल्या विमान दिसतं. आता सांग, आणखी काय पाहिजे माणसाला?’

‘न्हाणीघर लहान आहे,’ ती म्हणाली.

‘तुला आयुष्यभर न्हाणीघरच दिसणार. हेच घर घ्यायचं. ठरलं.’ त्यानं तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि हँगर मोजायला गेला. किती महिन्यांनी तो असा हसला होता! त्या हसण्यासाठी तिनं आणखी दहा परीक्षा दिल्या असत्या.

ती स्वयंपाकघरात परतली तेव्हा दारात एक धिप्पाड म्हातारा टोपी हातात धरून उभा होता. रेडिओवर ओरडला होता तो हाच, बर्ल. कोरीन त्याची सून.

‘बाई, एक विचारतो, राग मानू नका,’ बर्ल म्हणाला. ‘इथे घर घेणाऱ्याला दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. विल्मा देईल. दुसरी माझी. माणूस मला आवडला, आणि असा अलगद उतरणारा मी दहा वर्षांत पाहिला नाही. नाव आमचंही चुकतं. जीभ घसरली, एवढं तुम्ही म्हणालात तर मी आत्ता सही करतो. पुन्हा विषय काढणार नाही.’

एक शब्द पुरेसा होता. ‘घसरली’ म्हणायचं की झालं. लव्हॉननं तोंड उघडलं. खिडकीबाहेर कोरीन लाल विमानाच्या मागच्या बाजूनं एका चारपाच वर्षांच्या मुलीला उतरवत होती. मुलीच्या डोक्यावरचे मोठे हेडफोन घसरून गळ्यात आले होते, आणि उडायला मिळालं नाही म्हणून ती पाय आपटत होती.

‘मार्चमधली परीक्षा मी दिली,’ लव्हॉन म्हणाली.

बर्लला क्षणभर समजलं नाही. ‘त्यांची?’

‘हो, हार्लनची.’

विल्मानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. लव्हॉननं तो झटकला. तिला त्या क्षणी विल्माचा राग आला, बर्लचा आला, त्या पाय आपटणाऱ्या पोरीचाही आला. सगळ्यात जास्त स्वतःचा आला, आणि तो कुठे ठेवायचा ते तिला कळेना.

बर्लनं आपल्या परीनं सांभाळून घेतलं. हार्लन आत आला तेव्हा तो म्हणाला, ‘टिडवेल, तुमचं इंजिन उतरताना अडखळलं. विमान आज इथेच राहू द्या. सोमवारी आमचा मेकॅनिक बघेल.’

‘माझं इंजिन?’ हार्लन हसला. ‘अहो, ते शिंकलं तर मी झोपेतून उठतो. कुणाला सांगताय!’

कुणीच हसलं नाही. हार्लननं बर्लकडे पाहिलं, विल्माकडे पाहिलं. शेवटी लव्हॉनकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

‘तू सांगितलंस,’ तो म्हणाला.

‘हो.’

त्यानं खिशातून विमानाची किल्ली काढून टेबलावर, चहाच्या ग्लासाशेजारी ठेवली. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. गाडीपाशी आल्यावर सवयीनं तो चालवायच्या बाजूला गेला, आणि मग आपणच वळसा घालून दुसऱ्या बाजूनं बसला.

त्याचा ट्रक सकाळपासून सॉल्ट क्रीकला उभा होता, आणि घराच्या किल्ल्या त्यात होत्या. चाळीस मैल गाडी लव्हॉननं चालवली. ती मनात वाक्यं जुळवत होती. तुझ्यासाठीच केलं म्हणावं, तर ते खोटं होतं. त्या पोरीसाठी केलं होतं. खरं सांगावं, तर ते मार्चमध्येच सांगायला हवं होतं. त्यानं आपल्याला कधीच माफ करू नये, असं तिला वाटलं, आणि निदान ते तरी तिला पेलता आलं असतं.

सॉल्ट क्रीकला ऊन कललं होतं. निम्मी हँगरं रिकामी झाली होती. हार्लन उतरला आणि ट्रककडे न जाता आपल्या हँगरकडे चालू लागला. तिनं हाक मारली नाही. एकतीस वर्षांच्या जागेचा निरोप घेत असेल, घेऊ दे, असं तिला वाटलं. पत्र्याचं दार सरकल्याचा आवाज आला.

मग तो धावत बाहेर आला. या वयात त्याला धावताना तिनं पाहिलं नव्हतं.

‘लव्हॉन! विमान नाही! हँगर रिकामं आहे. भर दिवसा कुणीतरी नेलं!’

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दुपारचा तो उतरलेला चेहरा कुठेच नव्हता. तिथे नुसती भीती होती, आणि बायकोवरचा पूर्ण विश्वास होता.

‘मी, हार्लन,’ ती म्हणाली. ‘मी घेतलं तुझं विमान.’

‘तू?’ एवढ्या घाबरगुंडीतही त्याला हसू आलं. ‘अगं, तुला कुठे चालवता येतं!’ आणि शेरीफला फोन लावायला तो खिसे चाचपू लागला.