काळा डबा, पांढरा डबा

चर्चचं छप्पर गळतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पाणी दुसऱ्याच्या डोक्यावर पडतंय तोवर माणूस त्याला देवाची इच्छा म्हणतो आणि गप्प बसतो. मग एका रविवारी, ऐन मिस्साची प्रार्थना चालू असताना, कुजका वासा मोडून थेट पहिल्या बाकावर आला. तिथे दर रविवारी ऐटीत बसणारा दुकानदार त्या दिवशी उशिरा आला म्हणून वाचला, आणि लगेच दुरुस्तीची समिती नेमली गेली. घ्या!

आता एवढ्या मोठ्या छपराला पैसे आणायचे कुठून? फादरनी युक्ती काढली. एक देणगी, एक कौल. कौलाच्या आतल्या बाजूला तुमच्या माणसाचं नाव रंगवायचं आणि ते छपरावर चढवायचं. माणूस हयात असेल तर पांढऱ्या रंगात, मयत असेल तर काळ्या. काम पुरं झालं की वेदीवरून दोन्ही याद्या वाचायच्या. मयताचं नाव आलं की घरच्यांनी उठून मेणबत्ती लावायची. युक्ती अशी चालली की विचारू नका. जे लोक दानपेटीत सुटे पैसे टाकताना दोनदा विचार करायचे, ते ‘आमचं कौल वेदीच्या बरोब्बर वर पाहिजे’ म्हणून भांडायला लागले. जसं काही वर गेलेले आजोबा तिथून वाकून बघणार होते.

नावं रंगवायचं काम ताईकडे आलं. ती चर्चच्या ऑफिसात कारकून, आणि अक्षर मोत्यासारखं. तिला ताई म्हणायला सुरुवात केली तिच्या धाकट्या भावानं, आणि बघता बघता सगळेच म्हणायला लागले. हाक मारणारा गेला, हाक तेवढी राहिली.

गेला म्हणजे काय, हेच तर कुणाला माहीत नव्हतं. तो मालवाहू जहाजावर होता. नऊ वर्षांपूर्वी जहाज एका बंदरातून निघालं, दुसऱ्यात पोचलं, आणि मोजणीत हा एकटा कमी भरला. कंपनीनं पत्र पाठवलं, त्यात एकच शब्द कामाचा होता: बेपत्ता. मेला असं कुणी लिहून दिलं नाही, जिवंत आहे असंही नाही. तेव्हापासून ताईला काही वाटेनासं झालं होतं. रडू नाही, राग नाही. सकाळी उठायचं, ऑफिसात जायचं, घरी यायचं. महिन्यातून एकदा भावाची सायकल पुसायची, चाकांत हवा भरायची. आई दारात उभी राहून बघायची आणि आत जायची.

ऑफिसामागच्या खोलीत ताईनं कौलांच्या थप्प्या लावल्या होत्या. टेबलावर दोन डबे, दोन ब्रश, टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं. टर्पेंटाइन फार उपयोगी पडलं. त्या दुकानदारानं सासूचं नाव मयतांच्या रकान्यात भरलं होतं. चुकून, म्हणे! सासूबाई काठी टेकत स्वतः हजर झाल्या.

“माझं नाव काळ्यानं लिहिलंस का गं? जावयाला सांग, आधी त्याला पोचवीन, मग मी जाईन!”

सगळं ऑफिस खो खो हसलं. ताईनं काळं नाव पुसून पांढऱ्यानं लिहिलं. हसायला हवं हे तिला कळलं, म्हणून ती हसली.

तिच्या आईनंही एका कौलाची देणगी भरली होती. “आपल्या पोराचं नाव लिही,” आई म्हणाली होती, आणि पाठ फिरवून पर्स आवरता आवरता, “पांढऱ्यानंच लिही हं.” ते कौल तीन आठवडे कोरंच पडून होतं.

मग भावजय आली. ती नर्स होती, ड्यूटी संपवून तशीच आली होती. पाच वर्षं सासरी वाट बघून ती वेगळ्या खोलीत राहायला गेली होती, पण नातं तिनं तोडलं नव्हतं. आईच्या गोळ्या अजून तीच आणून द्यायची. चर्चचं वायरिंग करणारा वायरमन तिला मागणी घालत होता. सरळ माणूस, तोंडातून शब्द ओढून काढावा लागे असा.

“ताई, बिशपसाहेबांकडे अर्ज केलाय,” ती म्हणाली. “नवरा हयात नाही असं त्यांनी मानलं तरच मला चर्चमध्ये लग्न करता येईल. फादरना त्यांनी विचारलंय, घरच्यांना काय वाटतं. आता घरच्यांनीच त्याला हयात म्हणून छपरावर चढवलं, तर माझा अर्ज कोण वाचणार?”

ताई ब्रशचे केस बोटांनी सरळ करत राहिली.

“मी चाळिशीला आले, ताई. तो गेला याचा मला आनंद नाही हो. पण वाट बघून बघून मी अगदी मेटाकुटीला आलेय.” तिनं डोळे पुसले. “तरी आईंना दुखवून मला काही नको. तुम्ही लिहाल ते मला मान्य.”

ती गेली. हिचं लग्न आपल्या हातात आणि आईचा जीवही आपल्याच हातात, हे ताईला स्वच्छ कळत होतं. पण कळणं वेगळं आणि वाटणं वेगळं. छातीत काहीही हललं नाही. खरं विचाराल तर तो परत येईल असं तिला कधीच वाटलं नव्हतं. पण हे आईला कोण सांगणार? त्या म्हातारीचा सगळा आधार तेवढाच.

शनिवारी शाकारणीचा मिस्त्री धुळीनं माखून दारात आला.

“बाई, शेवटची ओळ झाली. एकच भोक राहिलंय, आभाळ दिसतंय. कौल द्या.”

“नाव लिहायचंय.”

“अहो, पालथं पडणार ते. कोण बघतंय?”

ताईनं पांढऱ्या डब्यात ब्रश बुडवला. भावाच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. ते इतकं सुरेख आलं की तिलाच त्याची लाज वाटली. नऊ वर्षं आपण हेच करत आलोय, सुरेख अक्षरात खोटं. तिनं टर्पेंटाइननं ते पुसलं, काळा डबा ओढला आणि एका दमात पूर्ण नाव लिहिलं. यादीतही एकीकडे खोडून दुसरीकडे लिहिलं.

मिस्त्री कौल घेऊन शिडी चढला. वरून ‘झालं!’ अशी आरोळी आली.

घरी आईनं विचारलं, “लिहिलंस का?”

“लिहिलं.”

“बरं झालं,” आई म्हणाली. कशानं लिहिलं ते तिनं विचारलं नाही, आणि ताईनं सांगितलं नाही.

रविवारी चर्च खचाखच भरलं. नव्या चुन्याचा आणि ताज्या लाकडाचा वास येत होता. भावजय मागच्या बाकावर, वायरमन तिच्यापासून चांगला लांब. फादरनी हयातांची यादी वाचली. दुकानदाराच्या सासूचं नाव आलं तेव्हा ती ‘आमेन’ असं इतक्या जोरात ओरडली की फादरही क्षणभर थांबले. यादी संपली. आईच्या पोराचं नाव त्यात आलं नव्हतं. ताईनं आईकडे पाहिलं नाही. आता म्हातारी कोसळेल, आता ओरडेल, आणि आपल्याला तेव्हाही काही वाटणार नाही, याचीच तिला भीती वाटत होती.

मयतांची यादी सुरू झाली. माणसं उठत होती, मेणबत्त्या लावत होती. अकरावं नाव भावाचं आलं.

आईनं पर्स उघडली. चष्म्याचं घर बाजूला सारलं, गोळ्यांची पुडी बाजूला सारली, आणि तळातून कागदात गुंडाळलेली एक जाड मेणबत्ती काढली. अर्ध्याहून जास्त जळलेली. ती एका दिवसाची जळलेली नव्हती. थरावर थर साचून तिचं मेण पिवळं पडलं होतं.

“आई, ही कधीची?”

“पत्र आलं तेव्हाची. तू ऑफिसात गेलीस की लावायचे थोडा वेळ.” आईनं मागे वळून भावजयीला हात केला. “ये गं पुढे. तू लाव. बायको तू त्याची.”

भावजय रडत पुढे आली. मेणबत्ती घेऊन वेदीकडे गेली.

“मग पांढऱ्यानं लिही का म्हणालीस?” ताईचा आवाज चिरकला.

“तुझ्यासाठी,” आई म्हणाली. “दर महिन्याला सायकलीत हवा भरतेस तू. मला वाटायचं, या पोरीची आशा आपण कशी मोडायची.”

“मी तुझ्यासाठी भरत होते गं!”

पुढे फादर बारावं नाव वाचत होते. ताईचा हुंदका फुटला तो पार मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला, आणि मग तिला तो आवरेना.

आईनं पदरानं तिचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

“सायकल त्या वायरमनला देऊन टाक,” ती म्हणाली. “बिचारा चालत येतो.”