उरलेला एक शब्द

तेजश्रीला आताशा झोपेतसुद्धा तो शब्द ऐकू यायचा. रा. एवढाच. कापसाच्या तंतूसारखा हलका. शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत तरंगत राहायचा, कुठं बसायचाच नाही.

शब्द तिच्या सासऱ्यांचा होता. राजेशम. चाळीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणलेला माणूस. पंधरा दिवसांपूर्वी झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. घरातली तेलुगू गेली, कामापुरती मराठी गेली. उरला तो 'रा'. घरी आणल्यावर तर त्यांनी जेवणच सोडलं. शेवटी एका सकाळी डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय त्यांना, पण उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातनं नळी घालू.

"ये म्हणतात," तिचा नवरा दीपक म्हणाला. "आमच्या तेलुगूत रा म्हणजे ये."

मग ती जवळ जायची. ताट घेऊन, ओढणी सावरून पलंगाशी उभी राहायची. सासरे तोंड फिरवायचे. "रा."

तिच्या बार्शीकडं रा म्हणजे राहा. गप रा, हितंच रा, आई दिवसातनं दहादा म्हणायची. म्हणून ती तिथंच थांबून बघायची. अर्धा अर्धा तास. वरणभात गार व्हायचा.

"राह बोलरे होंगे, बेटा," शेजारच्या चाची म्हणाल्या. "किसी की राह देखरे."

दुपारी जरा डोळा लागला की तो शब्द तिच्या स्वप्नात चालत यायचा. एका बोळात ये म्हणायचा, दुसऱ्यात थांब म्हणायचा, तिसऱ्यात नुसता रस्ता होऊन लांब पसरायचा. ती त्याच्यावरनं चालत राहायची आणि घर काही यायचं नाही. जागी झाली की एकच गोष्ट छातीत रुतलेली असायची. यांना माझ्या हातचं नको आहे. आठ महिन्यांपूर्वी पळून जाऊन केलेलं लग्न. सासरे कधी वाईट बोलले नव्हते, पण बोललेच कुठं होते?

डॉक्टर नळीचं बोलले त्याच दुपारी संगप्पा बघायला आले. मूळचे मैंदर्गीचे, तीस वर्षं राजेशमच्या समोरच्या मागावर.

"ह्याच्या रा ला आमच्या कानडीत बा म्हणत्यात, बा म्हंजे ये," ते म्हणाले.

"आमच्यात बा म्हणजे बाप."

"असू दे की. बापच हाय त्यो तुझा." संगप्पा हसले.

"मग तीस वर्षं तुम्हा दोघांना एकमेकांचं कळायचं कसं, काका?"

"मागाच्या खटखटाटात ऐकू कुणाला येतंय? व्हट बघायचे." त्यांची नजर ताटावर गेली. "तू जेवलीस?"

"मामांचं झाल्यावर. आमच्यात आधी मोठी माणसं."

"हितंच चुकतंय की पोरी. डबा उघडला की ह्यो रा म्हणून समोरच्याला जेवायला बोलावणार. समोरच्यानं पयला घास घेतल्याबिगर ह्याचा हात डब्यात जात न्हाय. एकदा मला उपास, तर ह्यो बी दिवसभर तसाच. लई डोकं खाल्लं त्याचं, पर न्हाय म्हंजे न्हाय."

"मग तुम्ही बसा ना त्यांच्यासमोर."

"मी आल्यापासनं मला म्हटला का एकदा तरी? तुलाच म्हणतोय."

संगप्पा गेले. तेजश्रीनं ताट उचललं. मग ती पलंगाच्या कडेवर बसली, आठ महिन्यांत पहिल्यांदा. ताट दोघांच्या मधे ठेवलं. लाजत लाजत आधी स्वतः घास घेतला. सासरे तिच्या ओठांकडं बघत होते. तिनं गिळला.

त्यांनी तोंड उघडलं.

पहिला घास त्यांनी कितीतरी वेळ चावला. दुसरा पुढं केला तर ओठ मिटले आणि डावा हात हळूच तिच्याकडं वळला. तिनं खाल्लं. मग त्यांनी. असं करत ताट संपायला तास लागला. मधेच तिचं पोट भरलं होतं, तरी ती खात राहिली. ती थांबली की तेही थांबायचे.