कपाटातली अंबाडी

बसा दर्शनभाऊ, चहा सांगितलाय. तोवर माझ्या कपाटातली एक गंमत ऐका. मधेच हसायचं नाही मात्र.

दोन महिन्यांमागं पेटी आवरताना एक पुरचुंडी सापडली. अंबाडीचं बी. सात वर्षांपूर्वी नांदेडहून दुबईला निघताना बायकोनं, सगुणानं बांधून दिलेलं, मी पार विसरलेलो. सगुणाला फोन लावला तर म्हणते, "सात वर्षांचं बी? ते आता तुमच्यासारखंच. वरून धड, आत काय नाही."

लागलं ना मला ते. सुतार माणूस मी. पॉलिश पेपर घेतला, एकेक दाणा हलका घासला, दिवसभर कोमट पाण्यात भिजवला. मग ओल्या टिश्यूत गुंडाळून डबा फ्रीजच्या मागं, तिथं ऊब असते. बावीस दाणे. पाच दिवस नुसती शांतता. सहाव्या दिवशी एकाला पांढरं शेपूट फुटलं, मग आणखी दोघांना. व्हिडिओ कॉलवर सगुणाला दाखवलं. म्हणाली, तीन झाडांची भाजी कुणाच्या दाताला लागणार. पण हसली, बास.

आता आमची इंटरनॅशनल सिटीतली खोली, तिथं ऊन कुठलं? लोखंडी कपाटाचा एक उंच कप्पा रिकामा केला. आत रंगाच्या तीन बादल्या, वर पांढरी ट्यूब, चारी बाजूंनी पार्सलचा चंदेरी कागद. झाडं कमरेएवढी झाली. लाल देठ, पाच बोटांची कातरी पानं.

ती पानं बघितली मिथुननं. वरच्या पलंगावरचा, एसी मेकॅनिक, मूळचा रत्नागिरीचा. फोनमध्ये फोटो टाकला, फोन म्हणाला गांजा. पोरगं पांढरंफटक. "महादूमामा, आत्ताच्या आत्ता उपटा, नाहीतर खोलीतले आठही जण आत." मी म्हटलं भाजी आहे रे. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात.

तेवढ्यात दारात रेहान. बिल्डिंगचा सुपरवायझर, हैदराबादचा, तोंडावर कायम बारा वाजलेले. कुणीतरी कान भरले असणार. त्यानं कपाट उघडलं. चंदेरी कागद, ट्यूब, पाच बोटं. मनात म्हटलं, खलास, व्हिसा गेला. एक पान तोडलं, मीच खाल्लं. दुसरं त्याच्यापुढं धरलं.

त्यानं वास घेतला, माझ्याकडं बघितलं, जरासं चावलं. आंबटानं डोळे मिटले त्याचे.

"अरे, ये तो अंबाडा है," म्हणाला. "अम्मी गोश्त में डालती थी."

मग काय, उभ्या उभ्या चार पानं खाल्ली गड्यानं. शेवटी हात धरावा लागला. मिथुननंही चाखलं, आता पाणी तोच घालतो.

पण रेहाननं अट घातली. म्हणाला, मी पान ओळखलं, पण दुसरा कुणी तपासायला आला तर? आणि कपाटात ट्यूब चालणार नाही. शुक्रवारपर्यंत झाडं उन्हात हलव, नाहीतर मलाच काढावी लागतील. यल्ला, आटप लवकर.

आता तुमच्या करामातल्या घराची बाल्कनी, सकाळचं ऊन येतं तिथं, मी बघितलंय. तीन बादल्यांपुरता कोपरा हवाय. भाजीला दाण्याचं कूट, वरून लसणाची फोडणी, ते माझ्याकडं. शेजारी काही बोलले तर एक पान चावायला द्यायचं. तेवढं शालिनीवहिनींना आज विचारा ना, भाऊ.